जपानी शेवया आणि अप्पांचे मीठ

'आता जरा हलके खा' हा सल्ला द्यायला फार सोपा आहे. डॉक्टर देतात, शेजारी देतात, भेटायला आलेले पाहुणेही चहाचा कप खाली ठेवता ठेवता देऊन जातात. पण हलके म्हणजे नेमके काय, हे कुणी सांगत नाही. आपल्या मराठीत 'हलके' म्हणजे वजनाला कमी. आणि तोच शब्द 'हलक्या प्रतीचे' असाही वापरला की दर्जाने कमी. आजारी माणसाच्या ताटात मात्र मराठीतले दोन्ही अर्थ एकदम वाढले जातात. तेल नाही, मीठ नाही, फोडणी नाही आणि चवही नाही. घरातले बाकीचे आपले नेहमीचे जेवतात आणि एक माणूस 'हलके' जेवतो. तिथून त्याचे ताट वेगळे होते आणि हळूहळू माणूसही.

आमच्या घरी हे अप्पांच्या बाबतीत झाले. अप्पा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर कन्नड शाळेत शिकवलेले, बैलहोंगलकडचे. माझे माहेर शहापूरचे, मराठी. त्यामुळे घरात अप्पांशी कन्नड, मुलाशी मराठी आणि रागावायचे असेल तर जी आधी तोंडात येईल ती भाषा, असा आमचा कारभार. दोन वर्षांपूर्वी श्रावणात अप्पांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, बोलणे शाबूत राहिले, उजवा हात तेवढा अशक्त झाला. रक्तदाब जुनाच होता. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितले.

त्या दिवसापासून अप्पांचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. वेगळे पातेले, वेगळी आमटी, वेगळी भाजी. पहिल्या घासाला त्यांचे ठरलेले वाक्य येई, 'उप्पु कम्मि ऐति.' तक्रार म्हणून नव्हे; शाळेत हजेरी घ्यावी तसे, नुसती नोंद. पुढे पुढे ते आमच्या आधीच जेवून घेऊ लागले. 'तुमचा वास येतो आणि मग माझे जेवण जात नाही,' असे एकदा म्हणाले. सासूबाई असत्या तर त्यांनी काही तोड काढली असती. त्या जाऊन आता सहा वर्षे झाली.

दुसऱ्या बाजूला नववीतला मुलगा. त्याची शनिवारची संध्याकाळ म्हणजे नूडल्स. बेळगावच्या कुठल्याही चौकात संध्याकाळी उभे राहा, गाड्यांवर कढया धडधडत असतात, लाल गोबी मंच्युरीचा ढीग चकाकत असतो आणि पोरांची रांग लागलेली असते. त्या लाल रंगावरून मध्यंतरी बरेच रामायण झाले. २०२४ साली गोव्यात म्हापसा पालिकेने गोबीच्या गाड्यांवर बडगा उगारला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तरी रंग काढला म्हणून तेल आणि मीठ कमी होत नाही. घरी दोन मिनिटांत होणारी पुडी आणावी तर तिचीही तीच गत. झटपट नूडल्सची युक्ती १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आन्दो या गृहस्थांनी काढली. शिजवलेले नूडल्स तेलात तळून पाणी उडवायचे, की मग गरम पाण्यात ते चटकन मऊ होतात. तळलेल्या पुडीत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेलच असते आणि मिठाचा मोठा भाग सोबतच्या मसाल्यात.

म्हणजे एका घरात दोन टोके. एकाला मीठ नको, दुसऱ्याला गाडीवरचीच चव हवी. आणि मध्ये कॉलेजचे तास आटोपून साडेपाचला घरी येणारी मी.

यातून वाट निघाली ती माझ्या नणंदेच्या मुलामुळे. तो नोकरीनिमित्त जपानमध्ये हामामात्सु शहरात राहतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, 'मामी, शनिवारी तुमचा बिडाचा तवा द्या, मी याकिसोबा करतो. अज्जांनाही चालेल असा.' मला शंका होती. आमचे घर शाकाहारी, अंडेसुद्धा नाही. आणि जपानी म्हटले की मासे. पण पोरगा तिथे तीन वर्षे स्वतःचे हाताने रांधून खात होता.

'याकी' म्हणजे तव्यावर परतलेले. 'सोबा' हा खरा कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचा शब्द, पण याकिसोबात कुट्टू नसतोच; चिनी पद्धतीचे गव्हाचे नूडल्स असतात. जत्रेत, शाळेच्या संमेलनात मोठ्या लोखंडी पत्र्यावर परतून देतात. पदार्थ पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत. पीठ महाग होते, कोबी स्वस्त. म्हणून थोड्या नूडल्समध्ये भरपूर कोबी घालून पोट भरायचे, असे सांगतात. कोकुरा गावात तर याकिसोबाचे नूडल्स मिळेनात म्हणून वाळवलेले जाड उदोन शिजवून परतले आणि 'याकी उदोन' जन्माला आला, अशी तिथली कथा. आपल्याकडे वड्याला पाव मिळाला, तसा तिथे या नूडल्सनाही पाव मिळाला. लांबट पावात भरून शाळेतली मुले खातात. साध्या, स्वस्त खाण्यांची तिथे देशपातळीवर स्पर्धा होते. २००६ साली तिचा पहिला मान फुजिनोमिया गावच्या याकिसोबाने मिळवला, आणि डोंगराच्या पायथ्याचे ते गाव नूडल्ससाठी नावाजले.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे हे ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. हा पदार्थ मुळातच भाजीचा आहे, नूडल्स तोंडी लावण्यापुरते. आमच्या गाडीवर नेमके उलटे असते. भाजी जास्त असली की तेल शोषणारे, मीठ शोषणारे पीठ कमी होते. 'हलके' करायला काही काढून टाकण्याआधी काहीतरी भरपूर घालावे लागते, ही पहिली समजूत मला तिथे आली.

आता सॉस. याकिसोबाचा सॉस हा इंग्रजांच्या वुस्टरशायर सॉसचा जपानी भाऊ. फळे, भाज्या, व्हिनेगर, साखर, मसाले घातलेला. मूळ इंग्रजी सॉसमध्ये मासळी असते, म्हणून आमच्याकडे बाद. पण त्याच मूळ सॉसमध्ये आंबटपणासाठी चिंच असते आणि गोडव्यासाठी काकवी, हे कळल्यावर मी हसलेच. चिंच आणि गूळ! हा तर आमचा गोज्जु. मराठी घरात चिंचगुळाची आमटी, कन्नड घरात गोज्जु; दोन्हीकडे आंबटगोडाला मिठाची फार गरज लागत नाही, हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतेच.

तेव्हा आम्ही सॉस घरी केला. चार माणसांना दोन मध्यम टोमॅटो उकडून गाळून घेतले. त्यात दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ, दोन लहान चमचे गूळ, किसलेले आले, चार मिरे, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालून दाट होईतो उकळले, मग लवंग-दालचिनी काढून टाकली. शेवटी एक मोठा चमचा सोया सॉस. वेगळे मीठ अजिबात नाही. टोमॅटो नुसता आंबटपणासाठी नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने १९०८ साली समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामि' नाव दिले. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असते. ते असले की मीठ कमी असूनही जीभ रुसत नाही.

सोया सॉसविषयी मात्र सावध राहायला हवे. एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे एका चमच्यात निम्मा दिवस संपला. दुकानात 'लाइट' लिहिलेली बाटली दिसली की आपल्याला वाटते मीठ कमी असेल. तो लाइट रंगाचा. जपानमधल्या फिक्या रंगाच्या सोया सॉसमध्ये तर गडद सॉसपेक्षा मीठ थोडे जास्तच असते. कमी मिठाची बाटली वेगळी मिळते, पण तीही चमच्याने मोजूनच घालायची. आमचा एक चमचा चौघांत वाटला जातो, म्हणजे माणशी पाव चमचा.

करायची रीत अशी. वाफवून वाळवलेले, न तळलेले साधे नूडल्स चौघांना दोनशे ग्रॅम. पाकिटावरची मिठाची ओळ वाचून घ्यावी. बिनमिठाच्या भरपूर पाण्यात थोडे कच्चेच राहतील असे उकडायचे आणि पाणी फेकून द्यायचे. पिठातले बरेचसे मीठ त्या पाण्याबरोबर जाते. थंड पाण्याने धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. भाजी नूडल्सच्या तिप्पट. अर्ध्या किलोचा कोबीचा गड्डा असेल तर तो निम्म्याहून जास्त, दोन गाजरे, एक ढबू मिरची, दोन कांदे उभे चिरून, आणि दोन मुठी मोडाचे मूग. जपानी लोक यात जे लांब पांढरे मोड घालतात तेही मुगाचेच असतात, फक्त अंधारात जास्त वाढवलेले. आपले आखूड मोड चालतात. सोबत हवे तर पनीर.

बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा. दोन लहान चमचे तेल टाकून नूडल्स पसरायचे आणि दोन मिनिटे हात लावायचा नाही. खालून जागोजागी खरपूस डाग पडतात, तीच अर्धी चव. ते काढून ठेवून आणखी दोन लहान चमचे तेलात कांदा, गाजर, ढबू, कोबी या क्रमाने मोठ्या आचेवर परतायचे. मग जपानी घरांतली खरी युक्ती. भाजीवर नूडल्स ठेवायचे, वाटीभरापेक्षा कमी पाणी शिंपडायचे आणि मिनिटभर झाकण. वाफेने नूडल्स सुटे होतात. गाडीवर हे काम तेल करते, इथे पाणी करते. पाणी आटले की मोड घालून सॉस तव्याच्या तापलेल्या कडेने ओतायचा. चर्र होऊन तो किंचित जळतो आणि वास घरभर जातो. शेवटी घातल्यामुळे तो आत न मुरता वरच राहतो आणि जिभेला आधी लागतो. म्हणून थोडा पुरतो. एका वेळी दोघांपुरतेच करावे. तवा भरला की परतणे संपते आणि उकडणे सुरू होते.

वरून जपानी लोक समुद्री शैवालाची हिरवी पूड आणि आंबवलेले लाल आले घालतात. आम्ही कोवळे आले बारीक कातरून लिंबाच्या रसात ठेवले, अर्ध्या तासात ते आपोआप गुलाबी झाले. मुलाला तो रंग फार आवडला, आणि तो कुठल्या डब्यातून आलेला नव्हता.

त्या शनिवारी वास माजघरातून अप्पांच्या खोलीत गेला आणि अप्पा काठी टेकत स्वतःहून बाहेर आले. ताटात पाहून म्हणाले, 'शाविगी?' नातू म्हणाला, 'जपानी शाविगी, अज्जा.' त्यांच्यासाठी नूडल्स कात्रीने बोटभर लांबीचे केले होते, चमच्याने खाता यावेत म्हणून. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर असले काही देण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे; अप्पांना ती परवानगी होती. पहिला घास झाला. आम्ही सगळे वाट बघत होतो. 'उप्पु कम्मि ऐति,' म्हणाले. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि ताट पुढे केले, 'इन्न स्वल्प हाकवा.' आणखी थोडे वाढ. त्या रात्री जेवताना ते त्यांच्या आईच्या शेवयांविषयी बोलले. उन्हाळ्यात खाटेवर धोतर अंथरून वाळत घातलेल्या, चिमण्या हाकायला बसवलेली पोरे, शेवया तुटल्या तर बसणारा धपाटा. किती महिन्यांनी आम्ही चौघे आणि पाहुणा एका वेळी जेवत होतो, आणि सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ होता.

भाचा परत गेल्यावर मी या मिठाच्या मागे लागले. जपान म्हणजे हलके खाणाऱ्यांचा, दीर्घायुषी लोकांचा देश, असे आपण ऐकतो. पण त्यांच्याही जेवणात मीठ पूर्वीपासून फार. नागानो हा डोंगराळ, थंड प्रांत; हिवाळ्यासाठी पालेभाज्या मिठात घालून ठेवायच्या, मिसोचे सूप दिवसातून अनेकदा प्यायचे. १९६०च्या दशकात तिथे पक्षाघाताने मरणाऱ्यांचे प्रमाण देशात फार वरचे होते. तिथल्या साकू भागातल्या इस्पितळात १९४५ पासून डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी नावाचे शल्यचिकित्सक होते. ते खेड्यांत तपासणीला जात, तेव्हा लोक व्याख्यानाला येत नाहीत म्हणून डॉक्टर आणि परिचारिका मिळून नाटके करत आणि त्यातून आरोग्य शिकवत. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या कर्नाटकात तोच पुरस्कार १९९१ साली हेग्गोडूच्या निनासमचे के. व्ही. सुब्बण्णा यांना मिळाला, तोही नाटक खेड्यात नेल्याबद्दल. म्हणून ही जोडी मला विशेष वाटली.

पुढे नागानोत मीठ कमी करण्याची चळवळच झाली. गावातल्या स्वयंसेवक बायका घरोघर जाऊन सूपमधले मीठ मोजत. सूप बंद करा, असे त्यांनी सांगितले नाही. वाडग्यात भाज्या इतक्या घाला की खारट पाण्याला जागाच उरू नये, असे सांगितले. १९९० साली पुरुषांच्या सरासरी आयुर्मानात नागानो देशात पहिला आला. श्रेय एकट्या मिठाला देता येणार नाही. थंडीत निदान एक खोली उबदार ठेवणे, तपासण्या, भाजीपाला हे सगळे त्यात आहे. पण बदल इस्पितळातून सुरू होऊन घरच्या चुलीपाशी पूर्ण झाला, आणि तो सगळ्या घरासाठी झाला, एकट्या आजाऱ्यासाठी नव्हे.

अप्पांना ही गोष्ट कन्नडमध्ये सांगितली. त्या भागाचे नाव साकू म्हटल्यावर ते मोठ्याने हसले. कन्नडमध्ये 'साकु' म्हणजे पुरे! मीठ पुरे म्हणणाऱ्या गावाला यापेक्षा योग्य नाव कोण देणार? तेव्हापासून आमच्या शनिवारच्या बेताचे नाव 'साकू' पडले.

आम्ही मिठाचा हिशेबही मांडला. पूर्वी किलोची पिशवी महिन्यात संपे. हजार ग्रॅम भागिले तीस दिवस, भागिले चार माणसे. माणशी आठ ग्रॅमच्या वर, आणि यात लोणचे, पापड, फरसाण धरलेले नाही. आता वेगळे पातेले बंद आहे. सगळ्यांचीच आमटी कमी मिठाची होते. आंबट, आले, मिरे, लसूण थोडे वाढले. गेली पिशवी पन्नास दिवस पुरली. लोणच्यापापडासह मोजले तर अजून आम्ही पाचच्या वरच आहोत. अप्पांच्या गोळ्या चालूच आहेत आणि राहतील. नूडल्सने रक्तदाब बरा होत नाही. बाजारात मिठाऐवजी पोटॅशियमचे मीठ मिळते, तेही मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शनिवारचा कोबी आता अप्पांकडे असतो. जपानी घरांत तो सुरीने न चिरता हातानेही फाडतात, असे भाच्याने सांगितले होते. अप्पांच्या उजव्या हाताला व्यायाम सांगितलाच होता. स्पंजचा चेंडू दाबायचा त्यांना कंटाळा येई. आता ते परात मांडीवर घेऊन बसतात आणि एकेक पान उजव्या हाताने फाडतात. सुरुवातीला अर्धा गड्डा व्हायला पाऊण तास लागे, आता वीस मिनिटे. तुकडे वेडेवाकडे होतात आणि तव्यावर तेच चांगले भाजतात.

मुलगा अजून अधूनमधून मित्रांबरोबर गाडीवर जातो. मी अडवत नाही. घरी मात्र त्याने परवा सोयाची बाटली दुसऱ्यांदा उचलली, तेव्हा मला काही बोलावे लागले नाही. परातीतून मान वर न करता अप्पा म्हणाले, 'साकू.'